कमी खर्चात रिओ: सॅक पाठीवर, दोस्त सोबत

दहावीच्या भूगोलामुळे महाराष्ट्रातल्या मुलांना ब्राझीलच्या नद्या आणि पठारं तोंडपाठ असतात. तिथे पोचायचं कसं आणि किती पैशांत राहायचं, हे मात्र कोणी शिकवत नाही. सह्याद्रीत सॅक घेऊन भरपूर हिंडलेल्या, पण इतक्या लांब पहिल्यांदाच निघालेल्या दोन मित्रांसाठी किंवा मैत्रिणींसाठी हा लेख आहे. शहर निवडलंय रिओ दी जानेरो, कारण इथल्या सगळ्यात चांगल्या गोष्टी फुकट आहेत: समुद्र, डोंगर आणि रस्त्यावरचं संगीत. खिसा हलका होतो तो दोनच कारणांनी. एक म्हणजे अजाणतेपण, आणि दुसरं म्हणजे दोघांचंही लक्ष एकाच वेळी दुसरीकडे असणं.

निघण्याआधी: व्हिसा, लस, तिकीट

भारतीय पासपोर्टवर ब्राझीलचा व्हिसा आधी काढावा लागतो, उतरल्यावर मिळत नाही. मुंबईत ब्राझीलचा वाणिज्य दूतावास आहे. बँकेचं स्टेटमेंट, जाण्या-येण्याचं बुकिंग आणि राहण्याचा पत्ता लागतो, तेव्हा सुरुवातीची बुकिंगं रद्द करता येतील अशीच करा. दोघांचे अर्ज एकदमच जाऊ द्या आणि दोघांच्या तारखा जुळू द्या. हाताशी दीड-दोन महिने ठेवा.

पीतज्वराची लस हा खरा कळीचा मुद्दा, आणि लोक नेमका तोच विसरतात. ब्राझीलमध्ये शिरताना तुम्हाला कोणी विचारेलच असं नाही, पण परतताना भारत विचारतो. ब्राझीलहून आलेल्या प्रवाशाकडे ते पिवळं प्रमाणपत्र नसेल, तर विमानतळावरून थेट विलगीकरणात रवानगी होऊ शकते, सहा दिवसांपर्यंत. लस टोचल्यानंतर १० दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य मोजक्या केंद्रांवरच मिळते, त्यामुळे वेळ आधी घेऊन ठेवा. अंड्याची ॲलर्जी असेल तर तिथल्या डॉक्टरांना सांगा.

मुंबईहून थेट विमान नाही. अदिस अबाबा, दुबई किंवा दोहामार्गे जावं लागतं आणि तिकीट लाखाच्या आसपास किंवा त्याहूनही वर जातं. सगळ्या प्रवासातला मोठा खर्च हाच, म्हणून पाच दिवसांसाठी जाऊ नका. एकदा पैसे मोजलेत तर दोन आठवडे तरी राहा. साओ पाउलोचं तिकीट बऱ्याचदा रिओपेक्षा स्वस्त पडतं. तिथल्या तिएते बसस्थानकावरून रिओच्या नोवो रिओ स्थानकात बस सहा-सात तासांत पोचवते. या बसगाड्या आरामशीर असतात. रात्रीची धरलीत तर एका मुक्कामाचे पैसे वाचतात. अमेरिकेमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर हुरळून जाऊ नका, तिथे नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो.

ऋतू आपल्या उलटे. डिसेंबर ते मार्च कडक उन्हाळा, त्यात सरी आणि डेंगीचे डास. ३१ डिसेंबरला पांढरे कपडे घालून लाखो लोक कोपाकबानाच्या वाळूत उतरतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये कार्निव्हल. दोन्ही वेळा हॉस्टेलमधल्या खाटांचे भाव कित्येक पटींनी चढतात. कमी खर्चात जायचं तर एप्रिल-मे किंवा ऑगस्ट ते ऑक्टोबर. ज्यांना कार्निव्हलच पाहायचाय त्यांनी खुशाल जावं, पण मग 'बजेट' हा शब्द काढू नये.

दोघांचा हिशोब

मैत्री तुटते ती बहुधा पैशांवरून आणि झोपेच्या वेळेवरून. पहिलं टाळायचं असेल तर टीटीएमएम आणि सामायिक खर्च यांची सरमिसळ करू नका. खोली, टॅक्सी, किराणा आणि लाँड्रीसाठी दोघांनी सारखे पैसे काढून एक सामायिक थैली करा. दारू, खरेदी आणि एखादं महागडं तिकीट ज्याचं त्याने. एकाला केबल कार हवी आणि दुसऱ्याला नको, असं होणारच. त्या दिवशी वेगळे हिंडा, संध्याकाळी भेटा. फोन लागला नाही तर कुठे आणि किती वाजता भेटायचं, तेही सकाळीच ठरवून निघा.

चलन रेआल. एका रेआलला साधारण १५ ते १७ रुपये धरा. भारतात रेआल सहज मिळत नाहीत, म्हणून थोडे डॉलर आणि दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं बाळगा. एक कार्ड याच्या पाकिटात, दुसरं त्याच्या. एटीएम किंवा कार्डयंत्राने 'रुपयांत घेऊ का' असं विचारलं तर नाही म्हणा, रेआलमध्येच घ्यायला सांगा. रुपयांचा दर ते स्वतःच्या सोयीचा लावतात. एटीएम प्रत्येक वेळी शुल्क कापतं, तेव्हा थोडेथोडे काढण्यात शहाणपण नाही.

शहाळेवाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळीकडे 'पिक्स' दिसेल. आपल्या यूपीआयसारखीच ही सोय ब्राझीलच्या मध्यवर्ती बँकेने २०२०मध्ये सुरू केली. ती वापरायला मात्र तिथलं बँक खातं लागतं. तुमचं काम टॅप करायच्या कार्डावर भागतं. बऱ्याच तिथल्या संकेतस्थळांवर सीपीएफ हा कर क्रमांक मागतात, जो तुमच्याकडे नसतो. अशा वेळी बसचं तिकीट सरळ खिडकीवर पासपोर्ट दाखवून काढा.

रोजचा अंदाज हवा असेल तर खाट, दोन साधी जेवणं, मेट्रो आणि किनाऱ्यावरचं काहीबाही धरून माणशी २०० ते २५० रेआल. स्वतः रांधलंत तर आणखी कमी.

राहायचं कुठे

नकाशावर सगळ्यांची नजर इपानेमावर जाते, आणि भावही तिथेच चढे. बोताफोगो, फ्लामेंगो आणि कातेते या वस्त्या मेट्रोवर आहेत, खाणं स्वस्त आहे आणि किनारा काही स्टेशनं दूर आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी बोताफोगोच सुचवेन. समुद्राजवळच हवं असेल तर कोपाकबानाच्या आतल्या गल्ल्या बघा. लापा रात्री जिवंत असतं, पण झोपायला आणि एकट्याने परतायला ते बरं नाही. सांता तेरेझाची टेकडी सुंदर आहे, पण रोजची चढउतार आणि टॅक्सी जमेस धरा.

हॉस्टेलमधली खाट गर्दीचा हंगाम नसेल तर साधारण ६० ते १२० रेआलला मिळते. दोघं असाल तर दोन खाटांची बेरीज आणि साध्या खोलीचं भाडं एकदा शेजारी मांडून बघा. फरक कधीकधी नगण्य असतो आणि घोरण्याचा प्रश्न दोघांपुरताच उरतो. नाश्ता धरलेला आहे का, स्वयंपाकघर वापरता येतं का आणि लॉकर आहे का, ते पाहा. कुलूप घरून न्या. रिओत वीज १२७ व्होल्टची असते. मोबाइलचा चार्जर चालतो आणि बारीक दोन पिनांचा असेल तर बहुधा तसाच बसतोही. आपल्याकडची २३० व्होल्टची इस्त्री किंवा किटली मात्र नेऊ नका.

शहरात हिंडणं

मेट्रो स्वच्छ, सुरक्षित आणि सोपी आहे. कार्ड फाटकावर टेकवलं की आत. एका फेरीला सुमारे आठ रेआल. कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत महिलांसाठी राखीव डबा असतो, तेव्हा मुंबईकर मैत्रिणींना काही नवं शिकावं लागणार नाही. बस त्याहून स्वस्त, पण हात करून थांबवली नाही तर ती थांबत नाही आणि चालवतात सुसाट. जुन्या शहरातल्या ट्रॅमला फाटक नसतं, म्हणून फुकट समजू नका. कार्ड आत शिरून स्वतः टेकवायचं असतं आणि तपासनीस येतात.

ॲपवरची टॅक्सी दोघांत वाटली की जवळच्या अंतराला मेट्रोच्या भावात पडते. विमानतळावरून सामानासकट येताना आणि रात्री दहानंतर तीच घ्या. तिथे काटकसर करू नका. चालताना नकाशा जवळचा रस्ता म्हणून फावेलांमधून, म्हणजे गरिबांच्या दाट वस्त्यांमधून, वळवू शकतो. टेकडीवर चढत जाणाऱ्या, विटांच्या घरांच्या अनोळखी गल्लीत शिरू नका. तिथल्या वस्तीची ओळख करून घ्यायची असेल तर तिथलाच वाटाड्या घेऊन जा.

इंग्रजी फार कमी चालतं. 'बोंजीआ' म्हणून बोलायला सुरुवात केली, तरी समोरचा माणूस निम्मा आपला होतो. भाव विचारायला 'क्वांतू कुस्ता', बिल मागायला 'आ कोंता, पोर फावोर'. भाषांतराचं ॲप पोर्तुगीजसकट डाउनलोड करून ठेवा.

खाणं

इथे पैसे वाचवता येतात आणि जीभही खूश राहते. दुपारचं जेवण मोठं घ्या, कारण स्वस्त थाळ्या दुपारीच असतात. 'प्रातो फेइतो' म्हणजे भात, काळ्या घेवड्याची उसळ, मांसाचा तुकडा, थोडी कोशिंबीर आणि फरोफा, म्हणजे कसाव्याचं भाजलेलं भरड पीठ. साधारण २५ ते ४० रेआल. कोपऱ्यावरच्या, प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकलेल्या ठिकाणी ही थाळी पर्यटकी हॉटेलपेक्षा चांगली असते. भात-उसळ रोज दोनदा खाणारा देश भेटला की मराठी पोटाला परकं वाटत नाही.

शाकाहाऱ्यांसाठी 'पोर किलो' हे वरदान. बुफेमधून हवं ते ताटलीत घ्यायचं, ताटली काट्यावर ठेवायची, वजनाप्रमाणे पैसे. कोबी, भोपळा, केळी, भात, अंडी, पालेभाजी, सगळं दिसतं, त्यामुळे विचारत बसावं लागत नाही. कलिंगड आणि बटाट्याने ताटली जड करू नका, पैसे वजनाचे आहेत. दोन गोष्टी शाकाहाऱ्यांनी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. उसळीत बऱ्याचदा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, वरून दिसत नाहीत. आणि नुसतं 'कार्ने' (मांस) नको म्हटलं तर लोक गोमांस वगळून कोंबडी आणून ठेवतात, म्हणून मांस, कोंबडी आणि मासा ही तिन्ही नावं घेऊन नकार द्या: 'नेंग कार्ने, नेंग फ्रांगू, नेंग पेइशे'.

सकाळी बेकरीत लोण्यात भाजलेला पाव आणि दुधाची कॉफी. पांव दे केइजो हे चीज घातलेले गोल गरम पाव कसाव्याच्या पिठाचे असतात. टॅपिओकाही त्याच पिठाचा: तव्यावर पांढरं पीठ पसरून त्याचं धिरडं करतात आणि आत खोबरं, चीज, केळं. आपला साबुदाणा याच कंदाचा. खोबऱ्याचा टॅपिओका उपवासाला चालतो की नाही, हा वाद दोघांनी रांगेत उभं राहून घालायला हरकत नाही.

रसाच्या दुकानात काजूच्या बोंडाचा रस मागा. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहूनच गोव्यात आणला. गोव्याने बोंडाची फेणी केली, हे लोक रस पितात. घशाला किंचित खवखवतो, पण चव बोंडाचीच. उलट दिशेने इथे पोचलेला आपला फणस तिजुकाच्या जंगलात इतका माजलाय की तिथल्या वनखात्याला तो नकोसा झालाय.

हॉटेलच्या बिलात बहुधा १० टक्के सेवाशुल्क जोडलेलं असतं. ते ऐच्छिक आहे, पण सेवा ठीक असेल तर द्यावं, आणि मग वेगळी टीप नको. न मागता टेबलावर आलेला पाव-लोणी फुकट नसतो, परत पाठवता येतो. गाणं चालू असेल तर त्याचंही माणशी शुल्क लागतं, बसण्याआधी विचारा.

किनारा

रिओचा किनारा 'पोस्तू' म्हणजे जीवरक्षकांच्या क्रमांकित मनोऱ्यांनी ओळखला जातो. कोपाकबानाच्या एका टोकाला लेमे, तिथे शांतता आणि कुटुंबं. इपानेमाच्या नवव्या पोस्तूजवळ तरुणाई. मनोऱ्यात थोडे पैसे देऊन स्वच्छतागृह आणि शॉवर वापरता येतो.

किनाऱ्यावर जाताना न्यायच्या गोष्टी: थोडी रोकड, एक कार्ड, पासपोर्टची झेरॉक्स, सनस्क्रीन आणि कांगा, म्हणजे वाळूत अंथरायचं पातळ कापड, जे तिथेच मिळतं. पासपोर्ट लॉकरमध्ये. गळ्यातली सोनसाखळी तर मुंबईच्या घरीच. ब्राझिली लोकसुद्धा कित्येकदा जुना, पडीक फोन घेऊन बाहेर पडतात. तुमच्या कपाटात असा असेल तर न्या. पाण्यात एका वेळी एकानेच जायचं, दुसऱ्याने सामानापाशी बसायचं. दोघंही एकदम लाटांत शिरलात तर परत येईस्तोवर कांगासुद्धा राहील याची खात्री नाही.

लाटा दिसतात त्याहून जोरदार असतात, आणि आतून ओढ लागते. लाल बावटा असेल तिथे उतरू नका. पाणी भर उन्हाळ्यातही कधीकधी चक्क गार असतं, कोकणातल्या समुद्राच्या सवयीने उडी मारलीत तर दचकाल.

खुर्ची आणि छत्री भाड्याने मिळते. भाव बसण्याआधी विचारा. फेरीवाल्यांकडचा खाऊ हा इथला खरा थाट आहे. दोन खांद्यांवर दोन धातूची पिंपं लटकवलेला माणूस एकात माते नावाच्या वनस्पतीच्या पानांचा थंड चहा आणि दुसऱ्यात लिंबू सरबत घेऊन फिरतो. दोन्ही मिसळून द्यायला सांगा. सोबत बिस्कोइतो ग्लोबो, कसाव्याच्या पिठाची हलकी कडी, खारी किंवा गोड. शेगडीवर समोर भाजून दिलेलं काडीवरचं चीजही घ्या. पैसे देताना कार्डयंत्राच्या पडद्यावरचा आकडा स्वतः वाचा. पडदा फुटलेला आहे किंवा दिसत नाही अशी सबब आली, तर रोख द्या. यंत्रावरच्या आकड्यात एक शून्य जास्त घालण्याची लबाडी जुनी आहे.

संध्याकाळी आर्पोआदोरच्या खडकावर जाऊन बसा. सूर्य बुडाला की लोक टाळ्या वाजवतात. त्यानंतर वाळूत रेंगाळू नका, दिव्यांच्या पदपथावर या.

डोंगर, तिकिटासह आणि तिकिटाविना

शुगरलोफ या सुळक्यावर जाणारी केबल कार १९१२पासून चालते आणि महाग आहे. तिचा पहिला टप्पा, म्हणजे मोरो दा उर्का ही टेकडी, पायी फुकट चढता येतो. प्राया व्हर्मेल्या किनाऱ्यालगतच्या क्लाउदियो कोतिन्यो पायवाटेवरून डावीकडे वर जाणारी वाट आहे. राजगड-तोरणा केलेल्यांना ती किरकोळ, अर्धा-पाऊण तास. वरून बोताफोगोची खाडी आणि समोर ख्रिस्ताच्या पुतळ्याचा डोंगर, कोर्कोवादो, दिसतो. पुढचा ३९६ मीटरचा सुळका हवाच असेल तर तेवढ्याच टप्प्याचं तिकीट मिळतं का ते आधी बघून ठेवा. वाटेतल्या छोट्या माकडांना खाऊ घालू नका. उतरल्यावर उर्काच्या समुद्राकाठच्या कठड्यावर लोक बिअर आणि पेस्तेल, म्हणजे सारण भरून तळलेला पदार्थ, घेऊन बसतात, तिथे बसायला पैसे पडत नाहीत.

ख्रिस्ताचा पुतळा ३० मीटर उंच, १९३१चा, ७१० मीटरच्या कोर्कोवादोवर. तिथवरची आगगाडी त्याच्याही आधीची, १८८४ची. व्हॅनही जातात. पार्के लाजे या बागेच्या मागून पायवाट आहे, चढ दमवणारा आणि शेवटी साखळ्या धरून चढायचा, पण लूटमारीच्या घटना तिथे घडलेल्या आहेत. जायचंच तर शनिवार-रविवारी सकाळी, बरेच लोक असताना जा. चढून गेलात तरी वरचं प्रवेश तिकीट सुटत नाही. कुठल्याही मार्गाने जा, निघण्याआधी मान वर करून शिखराकडे बघा. ढगात असेल तर पैसे ढगालाच दिल्यासारखे.

तिजुकाचं जंगल फुकट आहे. कॉफीच्या मळ्यांनी उजाड केलेले हे डोंगर १८६१पासून हाताने झाडं लावून पुन्हा हिरवे केले गेले.

जुन्या शहरात कामाच्या दिवशी दिवसाउजेडी फिरा, सुट्टीच्या दिवशी तिथे शुकशुकाट असतो. पोर्तुगीज ग्रंथालयाचं दालन आत जाऊन बघा, छतापर्यंत पुस्तकं आणि प्रवेश विनामूल्य. चिलीहून आलेल्या सेलारोन या कलाकाराने १९९०पासून रंगीत फरशा लावलेल्या २१५ पायऱ्या लापाजवळ आहेत. सकाळी लवकर गेलात तर फोटोसाठी ताटकळावं लागत नाही. रविवारी किनाऱ्यालगतच्या रस्त्याची एक बाजू गाड्यांना बंद असते, भाड्याची सायकल घ्या. आणि खाडीपलीकडच्या नितेरॉय शहराला जाणारी फेरीबोट चुकवू नका: लोकलइतकी गर्दी, थोड्याशा पैशांत अख्ख्या खाडीचं दर्शन.

रात्र

सोमवारी रात्री पेद्रा दो सालच्या खडकापाशी रस्त्यावर सांबा वाजतो. तिकीट नाही. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांची ही जुनी वस्ती. ते जिथे उतरवले गेले तो वालोंगोचा धक्का जवळच आहे, २०१७पासून जागतिक वारसा. आधी धक्का बघा, मग सांबा ऐका.

ग्लास नजरेआड करू नका, अनोळखी माणसाने दिलेलं पेय घेऊ नका. पेयात गुंगीचं औषध घालून लुटण्याच्या प्रकाराला तिथे चक्क टोपणनाव आहे, 'बोआ नोइते सिंदरेला', म्हणजे 'शुभ रात्री, सिंड्रेला'. दोघांपैकी एकाने कमी प्यायचं, आळीपाळीने. कोणी अडवून फोन मागितला तर देऊन टाका. पोलिसांचा क्रमांक १९०, रुग्णवाहिका १९२. पर्यटकांसाठीचं वेगळं पोलीस ठाणं लेब्लोनमध्ये आहे, विम्यासाठी तक्रारीची प्रत तिथून घ्या. तातडीचे सरकारी उपचार परदेशी माणसालाही मोफत मिळतात, तरी प्रवास विमा काढाच.

दिवस उरले तर

तीन-चार दिवस हातात असतील तर इल्या ग्रांदे बेटावर जा. बसने कोन्सेसांव दे जाकारेई किंवा आंग्रा, तिथून बोट. बेटावर मोटारी नाहीत, सगळं पायी किंवा होडीने. आब्रांव गावातून लोपेस मेंदेसचा किनारा डोंगरातून सुमारे तीन तास. जाताना चाला आणि येताना होडी घ्या, पण शेवटची होडी किती वाजता सुटते ते सकाळीच विचारून ठेवा. वाटेत हॉटेल नाही, तेव्हा पाणी आणि खाणं सोबत हवं. एटीएमच्या भरवशावर बेटावर जाऊ नका, सामायिक थैलीत रोकड मुख्य भूमीवरच भरून घ्या.